विश्वाचा आरंभ आणि एक धर्मगुरु

वाशीमच्या दक्षिणेस, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाचें पुरातन देवालय आहे. त्याच तालुक्यांत गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास २०२३ सालीं केंद्र सरकारनें मान्यता दिली. विश्व कोठून आलें, हें या दोहोंपैकीं कोणास विचारावें?

बेल्जममधील जॉर्ज लमेत्र हे कॅथॉलिक धर्मगुरु आणि पदार्थविज्ञानीही. विश्व प्रसरण पावत आहे, असें त्यांनीं १९२७ त मांडलें. त्याचें मूळ एका आदिम अणूंत असावें, असें १९३१ त सुचविलें. १९५१ त पोप बारावे पायस यांस अशा शोधांत ईश्वरी निर्मितीचा दाखला दिसला, तेव्हां आनंद मानण्याऐवजीं लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांबाहेरचा आहे, असें त्यांचें मत होतें. मला तें फार प्रामाणिक वाटतें. सिद्धांत पुराव्यावर तगतो वा कोसळतो. त्यावर श्रद्धा टेकवून ठेवणें दोहोंसही घातक. फ्रेड हॉइल व आपले जयंत नारळीकर यांना तर असा आरंभच मान्य नव्हता!

पुढें १९६५ त, सर्व आकाशांत भरून राहिलेलें आद्य उष्णतेचें क्षीण प्रारण सांपडलें आणि बहुतेक शास्त्रज्ञ लमेत्रांच्या बाजूस वळले. विश्वाच्या वयाचा हिशेब आज सुमारें १३८० कोटी वर्षांचा लागतो. मुळांत कांहीं आहेच कां, हा प्रश्न मात्र त्या हिशेबांत येत नाहीं; औंढ्याच्या यंत्रासही तो ऐकूं येणार नाहीं.