१.५.९७ जपताना

स्कायरिम हा गेम मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, लावून खेळणारा माणूस तो सुरू कसा करतो, ते एकदा शेजारी बसून पाहावं. गेम जिथून विकत घेतला त्या स्टीमच्या लायब्ररीतल्या मोठ्या हिरव्या 'प्ले' बटणाकडे तो जात नाही. मॉड ऑर्गनायझर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर उघडतो आणि तिथून 'एसकेएसई'ची छोटी लोडर फाइल चालवतो. स्टीम मागे चालूच असतं, पण गेमची सुरुवात त्याच्या हातात दिलेली नसते. कारण अपडेट येऊन थांबलेलं असताना स्टीममधून गेम सुरू करायला जाणं म्हणजे त्या अपडेटला होकार देणं. आणि अनेक महिने खपून शे-दोनशे मॉड एकमेकांशी जुळवलेला गेम बंद पडायला एक अपडेट पुरतं.

हे का होतं ते समजून घ्यायचं तर एसकेएसई म्हणजे स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर काय करतं ते पाहावं लागतं. बेथेस्डा कंपनीचा मूळ गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला, त्याची ६४-बिट स्पेशल एडिशन ऑक्टोबर २०१६ मध्ये. बेथेस्डाने मॉड बनवणाऱ्यांसाठी साधनं दिली, पण त्यांची झेप मर्यादित होती. नवा मेन्यू, वेगळी लढाई, गेमच्या इंजिनमधल्या चुकांची दुरुस्ती अशा गोष्टींसाठी चालू गेमच्या आत शिरावं लागतं. ते काम काही स्वयंसेवक प्रोग्रॅमरांनी केलं आणि फुकट वाटलं. एसकेएसई सुरू होताना गेमच्या मुख्य फाइलमध्ये कोणतं काम मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर चालतं हे त्याला आधीपासून ठाऊक असतं आणि नेमक्या त्याच जागी ते स्वतःला जोडून घेतं. कंपनीने मुख्य फाइल नव्याने बांधली की हे पत्ते सरकतात. चाळीतल्या सगळ्या खोल्यांचे नंबर एका रात्रीत बदलावेत आणि पोस्टमनला ते कोणी सांगू नये, तशी मग गत होते. एसकेएसई निदान प्रामाणिकपणे संदेश देतं, की तुमचा गेम माझ्यापेक्षा नवा आहे, आणि थांबतं. त्याच्यावर उभे असलेले मॉड मात्र सगळे अडकून पडतात.

२०१७ मध्ये बेथेस्डाने क्रिएशन क्लब हे दुकान गेममध्ये आणलं. तिथे नवा माल आला की मुख्य फाइलही बदलायची, खेळणाऱ्याने त्यातलं काही विकत घेतलेलं असो वा नसो. दर वेळी एसकेएसईची मंडळी पुन्हा कामाला बसायची, मग प्रत्येक मॉडचा कर्ता आपापला मॉड पुन्हा बांधायचा. यावर उपाय म्हणून 'ॲड्रेस लायब्ररी' हा मॉड आला. प्रत्येक पत्त्याला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि कोणत्या आवृत्तीत तो क्रमांक कुठे सापडेल याची यादी ठेवायची, ही त्यातली कल्पना. मॉडने थेट पत्ता न विचारता क्रमांक विचारायचा. साधी आणि सुंदर युक्ती आहे ही. कंपनीचा सोर्स कोड हाताशी नसताना, बाहेरच्या माणसांनी ती उभी केली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये १.५.९७ ही आवृत्ती आली आणि त्यानंतर दोन वर्षं मुख्य फाइल हलली नाही. त्या दोन वर्षांत मॉडचं जग जसं फुललं तसं आधी कधी फुललं नव्हतं. पाया स्थिर राहिला की माणसं त्यावर किती उंच बांधू शकतात, याचा हा पुरावाच म्हणायचा. मग ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, गेमच्या दहाव्या वाढदिवशी, ॲनिव्हर्सरी एडिशन आली. तिच्या निमित्ताने बेथेस्डाने कंपायलर, म्हणजे कोडमधून मुख्य फाइल बांधणारं साधन, तेही बदललं. त्यामुळे पत्ते नुसते सरकले नाहीत, काही फंक्शनं दुसऱ्यांत विरघळून गेली आणि ॲड्रेस लायब्ररीतले जुने क्रमांक नव्या फाइलला लागू पडेनात. एसकेएसईच्या प्रोग्रॅमरांनी आधीच इशारा दिला होता, की हा बदल मोठा आहे, जुळवलेला गेम जपायचा असेल तर फाइलींची प्रत आत्ताच काढून ठेवा.

तेव्हापासून गेम थोपवून धरण्याचं हे काम पुष्कळ जण शिकले. पहिली पायरी स्टीममध्येच आहे. गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग अपडेट. तिथल्या पर्यायांत एक असतो: गेम सुरू करेपर्यंत थांबा. 'आपोआप अपडेट करू नका' हा पर्यायही पूर्वी होता, तो काढून टाकला गेला. जाणकार थांबण्याचा पर्याय निवडतो आणि लोडरची वाट धरतो. 'सुरू करेपर्यंत थांबा' असं सांगितलेलं आणि स्टीममधून सुरू तर कधी करायचंच नाही, त्यामुळे अपडेट दारात उभं राहतं.

पण एखाद्या संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या कोणी ते बटण दाबलं की सगळं मुसळ केरात. म्हणून दुसरी पायरी. स्टीमच्या 'स्टीमॲप्स' फोल्डरमध्ये प्रत्येक गेमची एक छोटी टेक्स्ट फाइल असते. तिचं नाव 'ॲपमॅनिफेस्ट'ने सुरू होतं आणि पुढे गेमचा क्रमांक येतो, स्कायरिम स्पेशल एडिशनचा ४८९८३०. नोटपॅडमध्ये उघडली तर ती वाचता येते. गेम कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कोणता बिल्ड बसवलेला आहे, अपडेटची वरची निवड कोणती, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. 'स्टेटफ्लॅग्ज' पुढे ४ असेल तर गेम पूर्ण बसलेला आहे. अपडेट बाकी असेल तर तिथे ६ दिसतो.

काही जण स्टीम पूर्ण बंद करून या फाइलला 'रीड-ओन्ली' करतात. स्टीमने अपडेट लादायचा प्रयत्न केलाच तर नोंद लिहिता येत नाही, आणि डिस्कवर लिहिण्यात अडचण आल्याचा संदेश पडतो. आणखी चिवट माणसं त्याच्या पुढे जातात. ताज्या बिल्डचा आणि मॅनिफेस्टचा, म्हणजे त्या आवृत्तीतल्या फाइलींच्या यादीचा, क्रमांक शोधून तो हाताने या फाइलमध्ये लिहायचा, सहाचा पुन्हा चार करायचा आणि मग कुलूप लावायचं. स्टीमला वाटतं गेम नवाच आहे, फोल्डरमध्ये मात्र जुना शांतपणे नांदत असतो. या स्थितीत 'फाइलींची शहानिशा करा' हा पर्याय चुकूनही वापरायचा नसतो, कारण स्टीम मग प्रत्येक फाइल ताज्या आवृत्तीशी ताडून पाहतं आणि वेगळी सापडेल ती पुन्हा उतरवतं.

सर्वांत भरवशाची तिसरी रीत अगदी साधी आहे. गेमचा अख्खा फोल्डर स्टीमच्या बाहेर दुसरीकडे कॉपी करायचा आणि मॉड ऑर्गनायझरला तिकडे वळवायचं. मॉडच्या याद्या तयार करून देणारे लोक या प्रतीला 'स्टॉक गेम' म्हणतात. स्टीम आपल्या फोल्डरमध्ये हवी ती उलथापालथ करो, खेळायची प्रत तशीच राहते. डिस्कवर दुप्पट जागा जाते, पण ती द्यावी.

अपडेट होऊन गेलंच तर मागे फिरताही येतं, आणि हा भाग पाहण्यासारखा आहे. स्टीमचा एक लपलेला कन्सोल आहे. तिथे 'डाउनलोड डेपो' ही आज्ञा देऊन पुढे तीन आकडे लिहायचे: गेमचा, डेपोचा (म्हणजे गेमच्या फाइलींच्या एका गठ्ठ्याचा) आणि हव्या त्या आवृत्तीच्या मॅनिफेस्टचा. स्कायरिमची मुख्य फाइल ४८९८३३ या डेपोत असते, बाकीचा जड माल ४८९८३१ आणि ४८९८३२ मध्ये. एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच हलत नाही, प्रगतीची पट्टी नाही, टक्केवारी नाही. नवखा माणूस बिघडलं समजून स्टीम बंद करतो. मुरलेला वाट पाहतो, आणि डाउनलोड पूर्ण झाल्याची एक ओळ उमटली की वेगळ्या फोल्डरमध्ये उतरलेल्या फाइली उचलून जागेवर ठेवतो. ज्याने गेम विकत घेतलेला आहे त्यालाच हे करता येतं. जुन्या आवृत्त्या स्टीमच्या सर्व्हरवर जपलेल्या असतात, हे यातून स्पष्ट दिसतं.

हे सगळं स्कायरिमपुरतं नाही. बेथेस्डाच्याच फॉलआउट ४ या गेमचं मोठं अपडेट २५ एप्रिल २०२४ ला आलं. स्वयंसेवकांच्या गटाने वर्षानुवर्षं खपून केलेला 'फॉलआउट: लंडन' हा प्रचंड मॉड त्याच्या दोनच दिवस आधी, २३ एप्रिलला येणार होता. त्यांना तो पुढे ढकलावा लागला. अखेर २५ जुलैला गॉग या गेमच्या दुसऱ्या दुकानावर तो आला तेव्हा स्टीमवर गेम घेतलेल्यांना आधी तो जुन्या आवृत्तीवर नेणं भाग होतं. कधी अपडेट गेममधलं काही काढूनही घेतं. एप्रिल २०१८ मध्ये गाण्यांचे दहा वर्षांचे परवाने संपले म्हणून जीटीए ४ मधल्या व्लाडिव्होस्टॉक एफएम या रेडिओ स्टेशनवरची बरीचशी रशियन गाणी गेली आणि त्यांच्या जागी दुसरी आली. ज्यांनी पैसे देऊन, त्या गाण्यांसकट गेम घेतला होता, त्यांच्याही कॉम्प्युटरमधून ती गेली. याला दुरुस्ती म्हणणं कठीण आहे.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेम चालवणाऱ्या होस्टेलमधल्या मुलांची अडचण वेगळी असते. त्यांना अपडेट नको असतं असं नाही, दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारीच संपायला नको असतो. त्यांच्यासाठी स्टीमच्या डाउनलोडच्या सेटिंगमध्ये अपडेटची वेळ ठरवता येते, वेगालाही मर्यादा घालता येते. गॉगवरून गेम घेतला तर त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर कायमचा ठेवता येतो, आणि तो स्वतःहून काहीही बदलत नाही.

मात्र सरसकट सगळीच अपडेट अडवणं धोक्याचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये डार्क सोल्सच्या पीसीवरच्या ऑनलाइन खेळात अशी फट सापडली, की समोरचा खेळाडू तुमच्या कॉम्प्युटरवर त्याला हवा तो कोड चालवू शकत होता. कंपनीला सर्व्हरच बंद करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिटी इंजिनमधली एक त्रुटी जाहीर झाली. २०१७ पासूनच्या आवृत्त्यांवर बनलेल्या गेमपर्यंत ती पोचत होती आणि गेम बनवणाऱ्यांना पॅच द्यावे लागले. ऑनलाइन खेळायचा गेम तर सर्व्हरशी जुळणाऱ्या आवृत्तीतच चालतो. थोपवायचा तो एकट्याने, ऑफलाइन, मॉड लावून खेळायचा गेम.

तिथेही किंमत मोजावी लागते. डिसेंबर २०२३ च्या अपडेटने स्कायरिमच्या मॉड फाइलींचं स्वरूप बदललं आणि त्यांच्या शीर्षकातला आवृत्तीचा आकडा १.७१ झाला. नव्या साधनाने बनवलेला मॉड १.५.९७ मध्ये घातला की गेम कोसळू लागला. त्यावर मॉड बनवणाऱ्यांनीच 'बीस' हा मॉड काढला, जो जुन्या गेमला नव्या फाइली वाचायला शिकवतो. कंपनीने मागे सोडलेल्या आवृत्तीला तिच्या खेळणाऱ्यांनी अशी पुरवणी जोडली, याचं मनापासून कौतुक वाटतं.

यातली बहुतेक मेहनत टाळता येण्याजोगी आहे. स्टेलारिस, क्रुसेडर किंग्ज यांसारखे पॅराडॉक्सचे गेम किंवा फॅक्टोरिओ घ्या. स्टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'बीटा'चा भाग उघडला की जुन्या आवृत्त्यांची यादी समोर येते. हवी ती निवडायची, स्टीम ती उतरवतं आणि तीच राखतं. अर्धवट राहिलेलं साम्राज्य जिथे होतं तिथून पुढे चालू होतं, आणि ज्याला नवं हवं तो नवं घेतो. त्यासाठी कुलूप लावलेली फाइल लागत नाही, डेपोचे आकडेही शोधावे लागत नाहीत. बेथेस्डाने नोव्हेंबर २०२१ मध्ये या यादीत १.५.९७ ची एक ओळ ठेवली असती, तर ती सगळी धावपळ वाचली असती. ती ओळ आजही ठेवता येईल.