माशाचं पिवळं काळीज
बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णा जलाशयात रोहू, कटला आपलं खाद्य पाण्यातच शोधतात. शेततळ्यात दाट सोडलेला मासा मात्र मालक टाकेल त्यावर जगतो. बहुधा भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड.

रोहू चिरला तर यकृत एका गोळ्यात सापडत नाही, आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं. निरोगी असेल तर तांबूस-तपकिरी. फिकट, पिवळसर दिसलं आणि बोटांना तेलकट लागलं, तर चरबी साचल्याची शंका घ्यावी.

ही चरबी यकृताबाहेर पडते ती प्रथिनं आणि फॉस्फोलिपिडच्या वेष्टनातून. वेष्टनाला कोलीन हे पोषकद्रव्य लागतं. ते कमी पडलं की माल तयार, पण पोती नाहीत! मिथिओनीन हे अमिनो आम्ल थोडी भरपाई करतं. नेमकं तेच सोयाबीन पेंडीत कमी, आणि बुलढाण्यात सोयाबीनला तोटा नसल्याने हीच पेंड खाद्यात सहज येते. म्हणून कारखान्यातल्या खाद्यात कोलीन क्लोराइड, मिथिओनीन किंवा सोया लेसिथिन मिसळतात.

खाद्यात कोलीनची पुडी टाकली की काम झालं, असं मात्र नाही. पावसाळ्यात खवट झालेला कोंडाही यकृताला जडच जातो. हिवाळ्यात पाणी गारठलं की मासा कमी खातो. तेव्हा खाद्याचं घमेलंही अर्धंच भरावं.