ग्रुपमध्ये नाव आहे, पण जागा आहे का?

फायनल इयरचे प्रोजेक्ट ग्रुप जुळायला लागले की होस्टेलवर एकच चौकशी, "टॉपर कोणाकडे?" मित्रांनो, प्रोजेक्ट म्हणजे छोटं संशोधनच. संशोधनाच्या ग्रुपमध्ये माणसं कशी घ्यावीत, याचा विचार आपण कधी करतो का?

मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष 'प्रोबेशन'वर. त्यांचं काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश सुरू केला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तरी ते पहिलं वर्ष विसरू नये. नाव आत, माणूस दाराशीच!

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बियाणं कसं निवडायचं, कसं टिकवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाणे बँक उभी राहिली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कुणी आधी डिग्री विचारली असती, तर?

कारण सोपं आहे. एकसारख्या घरांतली चार डोकी जमली की चौघांना एकच शंका येते, आणि एकच चूक चौघांच्याही नजरेतून सुटते. समजा, ग्रुप शेतीपंपाचा ऑटोमॅटिक स्टार्टर बनवतोय. रात्री दोनला लाईट आल्यावर दारं धरायला जाणारा कोणी त्यात असेल, तर "एक फेज गेली तर मोटर जळेल, त्याचं काय?" हे तो पहिल्याच दिवशी विचारेल. पण त्याला बोलू दिलं तरच!

मी कॉन्व्हेंटची, इंग्रजी प्रेझेंटेशन मला सोपं जातं. म्हणून विषय मलाच जास्त कळतो असं नाही. तरी वाटणी ठरलेली: मुलींना रिपोर्ट, मराठी मीडियमवाल्याला सोल्डरिंग, इंग्रजीवाल्याला व्हायव्हा. ही कामं आळीपाळीने करावीत. चर्चा ज्याला जमेल त्या भाषेत व्हावी. मीटिंग गर्ल्स होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत संपावी. आणि गाईड सर-मॅडमनी गप्प बसणाऱ्यालाही एक प्रश्न जरूर विचारावा.

यंदा ग्रुप करताना टॉपर शोधाच. पण आपल्याला न सुचणारा प्रश्न ज्याला सुचतो, त्यालाही शोधा.