नाक नसलेली अमेरिकन

पन्नाशी कधीच ओलांडलेला एक पिकअप, खारघरची सोसायटी आणि 'हिला सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं?' हा प्रश्न...

पिकअप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? घर शिफ्ट करताना मागे आडवी बांधलेली कपाटं, दुधाचे कॅन, नाहीतर विसर्जनाला निघालेले बाप्पा! आपल्याकडे पिकअप ही कामाची गोष्ट, कौतुकाची नव्हे. अमेरिकेत मात्र फोर्डचा एफ-१००, शेव्हरोलेचा ३१००, डॉजचा पॉवर वॅगन ही नावं आपण बुलेटचं नाव घेतो त्या थाटात घेतली जातात. आजोबांचा गंजलेला पिकअप नातवाने रिस्टोअर करायचा, हा तिथला वीकेंडचा धर्मच.

आता तुम्ही म्हणाल, नवी मुंबईत राहून हे डोहाळे कशाला? त्याचं कारण आमच्या बी विंगखाली उभं असतं. जीप एफसी-१५०, मॉडेल १९६८, रंग मोरपंखी, अ‍ॅव्हरेज लिटरला सात. (घरी विचारलं तर आठ!)

एफसी म्हणजे 'फॉरवर्ड कंट्रोल'. सोप्या मराठीत, नाक कापलेली जीप. बॉनेट नाहीच. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. म्हणजे मे महिन्यात डाव्या मांडीला फुकट शेक! पण या उद्योगामुळे गंमत काय झाली, तर ८१ इंचांच्या व्हीलबेसवर मागे सहा फुटांहून लांब हौदा बसला. अख्खी गाडी पावणेचार मीटरची. आजच्या स्विफ्टपेक्षाही आखूड. ब्रूक्स स्टीव्हन्स या नामवंत अमेरिकन डिझायनरची ही करामत. विलिजने ती १९५६च्या अखेरीस बाजारात आणली. पण अमेरिकनांना लांब नाकाच्या गाड्यांची सवय. त्यांना हे ध्यान फारसं पटलं नाही आणि १९६५च्या सुमारास तिकडे तिचा कारभार आटोपला. आपल्याकडे मात्र त्याच वेळी तिचं नशीब उघडलं.

व्हाया माझगाव

अमेरिकन ट्रकांशी मुंबईचं नातं जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला असेंब्ली सुरू केली, ती १९५४पर्यंत चालली. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि फार्गो जोडायला घेतल्या. १९४५मध्ये सुरू झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद'चं फाळणीनंतर 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. (त्यातले मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही!) चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलिजच्या जीप सुट्या भागांच्या खोक्यांतून मुंबई बंदरात उतरायच्या आणि माझगावला जोडल्या जायच्या. एफसी-१५० साठच्या दशकाच्या मध्यावर याच वाटेने आली आणि मग कुठे अ‍ॅम्ब्युलन्स, कुठे मिनीबस, कुठे भाजीची गाडी झाली.

माझी एफसी रोह्याकडच्या एका आजोबांची. तिच्या जुन्या आरसी बुकात जिल्हा 'कुलाबा' लिहिलाय. १९८१मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, त्याच्याही आधीची ही बाई! भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला होता. आजोबांनी मला किंमत त्याच्याहून थोडीच जास्त सांगितली, पण अट घातली. "झाकून ठेवणार असाल तर नेऊ नका. गाडी चालवायची असते."

अट साधी वाटली. दोन वर्षं माझी सगळी झटापट या एका वाक्याशीच चाललीय.

थेट अमेरिकेहून आणली तर?

माझा न्यू जर्सीतला आतेभाऊ मला दर महिन्याला कुठल्या तरी फोर्ड पिकअपचे फोटो पाठवतो. 'घे आणि कंटेनरमध्ये टाक!' म्हणतो. एवढं सोपं नाही, राजा. सेकंडहँड गाडी आपल्या देशात आणायची तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. विंटेज गाड्यांना वेगळी सवलत आहे, पण कस्टम्स ड्युटी, भाडं, कागदपत्रं धरली की गाडी बाजूलाच राहते, आपलीच सर्व्हिसिंग होते. त्यापेक्षा मुंबईतच जोडलेली, जन्मतः उजव्या हाताची, मराठी पावसात भिजलेली अमेरिकन काय वाईट?

दुसरा फायदा पार्ट्सचा. एफसीचं चार सिलिंडरचं, १३४ घनइंची म्हणजे २.२ लिटरचं 'हरिकेन' इंजिन आपल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमध्येही होतं. त्यामुळे पिस्टन रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट आजही ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारात किंवा कुर्ल्यात मिळते. रडवतात ते केबिनचे पार्ट. दाराचं हँडल, काचेचं रबर बीडिंग, पुढची जाळी. हँडल तुर्भ्याच्या एमआयडीसीत लेथवर बनवून घेतलं. बीडिंग मीटरवर घेऊन कापलं. काही गॅस्केट मात्र आतेभावाच्या बॅगेतून येतात. इकडून भाजणीची चकली जाते, तिकडून गॅस्केट येतं. आत्याला अजून कळलेलं नाही की माहेरच्या ओढीने कोण येतंय!

"डिझेल टाका, साहेब!"

जुनी पेट्रोल जीप घेतलीत की पहिला सल्ला हाच मिळतो. डिझेल इंजिन बसवा, अ‍ॅव्हरेज डबल! शिवाय पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, एसी. वर्कशॉपवाल्याने कोटेशनही दिलं. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

पण थांबलो, दोन कारणांनी. पहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी आणि मग आरसीवर नोंद हवी. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

दुसरं कारण म्हणजे आमचे मिस्त्री. सत्तरी पार केलेले, कुर्ल्यातल्या मामाच्या गॅरेजमध्ये जीपवरच हात बसलेला. हरिकेनची खासियत त्यांनीच मला समजावली. या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व वर हेडमध्ये असतो आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये. टॅपेट सेट करायचे तर वरूनही करायचे, बाजूनेही. मी म्हटलं, "काका, जरा आवाज येतोय, घट्ट करू या का?" तर म्हणाले, "साहेब, थोडं वाजू द्या. वाजतंय तोवर व्हॉल्व नीट बसतोय. आवाज अगदीच बंद झाला तर समजा, आता जळणार."

ऐरोलीच्या आयटी पार्कात मी दिवसभर स्क्रीनवरचे एरर वाचतो. हा माणूस कानाने वाचतो! त्यांचा एक मुलगा टॅक्सी चालवतो, दुसऱ्याचं मोबाइलचं दुकान. गॅरेज किती दिवस चालेल, तेच सांगू शकत नाहीत. डिझेल टाकलं असतं, तर त्यांच्याकडचं हे सगळं माझ्यासाठी एका दिवसात भंगार झालं असतं. म्हणून आता शनिवारी सकाळी मी त्यांच्या हाताखाली पाना धरतो. फीलर गेज घालून टॅपेट लावायला शिकलोय. अजून दहातले सहाच बरोबर येतात.

कर्नाळ्याचा उतार

मग 'जसंच्या तसं ठेवू' असं ठरवून आम्ही रंगरंगोटी सुरू केली आणि एका रविवारी पेणहून परत येताना कर्नाळ्याच्या उतारावर ब्रेकचं पॅडल थेट तळाला गेलं. शेजारी बायको, पुढे कंटेनर. जुना होज फुटला होता. त्या काळातल्या अनेक गाड्यांसारखं हिचंही ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी गेली की चारही चाकं गेली!

वाचवलं ते हँडब्रेकने. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो मागच्या प्रोपेलर शाफ्टवरचा वेगळा ड्रम असतो आणि ऑइलशी त्याचा संबंध नाही. दुसरा गिअर, हँडब्रेक आणि डावीकडची मातीची कड, असे थांबलो. बायको पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हे बघ, ओरिजिनल वगैरे मला नको सांगूस. एक तर ब्रेक नवे बसव, नाहीतर मी बसणार नाही."

त्या दिवशी 'सुधारणा' या शब्दाचा अर्थ घरात नक्की झाला. आमचा नियम एका ओळीचा आहे. बोल्टने लागेल आणि बोल्टनेच निघेल, एवढंच करायचं. चासीला कटर लावायचा नाही. गंजलेला पत्रा बदलणं सोडलं तर वेल्डिंग नाही. या नियमात बसवून टँडम मास्टर सिलिंडर लावला, म्हणजे पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं. चारही होज आणि सगळ्या नळ्या नव्या. तीन पॉइंटचे सीटबेल्ट, अल्टरनेटर, नीट उजेड पाडणारे हेडलाइट. काढलेला प्रत्येक जुना पार्ट ऑइलच्या कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवलाय. उद्या कुणाला हिला १९६८मध्ये परत न्यायचं असेल, तर एका वीकेंडमध्ये नेता येईल.

पेट्रोल बदललं, त्याचं काय?

जुन्या गाडीचा पुढचा वैरी पंपावरच भेटतो. २०००मध्ये देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व सीट लवकर झिजण्याचा प्रश्न आला. त्यावर उपाय कडक धातूच्या सीटचा, तो आम्ही इंजिन उघडलं तेव्हाच केला. आता २०२५पासून पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या, मेन जेट एक नंबर मोठा केला. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दर आठवड्याला गाडी चालवणं. आजोबांची अट इथेही आलीच!

शोपीस की गाडी?

२०२१च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. प्लेट भन्नाट दिसते, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

मित्र म्हणाले, घेऊन टाक, व्हॅल्यू वाढेल. मी नाही म्हटलं. गाडी साध्याच नोंदणीवर ठेवली, दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण करून. कारण हिला हौदा आहे आणि त्या हौद्यात काहीतरी असलं पाहिजे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'इथे टेम्पो लावायला परवानगी नाही' अशी नोटीस काढली होती. गेल्या जुलैत रविवारी पाण्याच्या पंपाची मोटर जळाली, टेम्पोवाला मिळेना, तेव्हा ती मोटर रिवाइंडिंगला तुर्भ्यापर्यंत कुणी नेली? नोटीस त्यानंतर बोर्डावर दिसलेली नाही.

तुम्हालाही घ्यायचीय?

* आधी कागद, मग गाडी. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. नोंद खासगी आहे की मालवाहू, हे पाहा आणि पुढचे नियम त्याप्रमाणे आरटीओत विचारून घ्या.
* गंज रंगाखाली लपतो. लोहचुंबक सोबत ठेवा. तो चिकटला नाही, तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.
* पहिला खर्च ब्रेकवर, दुसरा वायरिंगवर, रंग सगळ्यात शेवटी. ब्रेक ऑइल दमट हवेत पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदला.
* चालत्या गाडीत पहिला गिअर टाकू नका. या जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नाही. पूर्ण थांबा, मग टाका.
* इंजिन बदलायचा मोह झाला, तर आधी आरटीओ, मग विमा, मग गॅरेज. याच क्रमाने.
* एक म्हातारा मिस्त्री शोधा आणि त्यांच्याकडे फक्त गाडी सोडून येऊ नका, दिवसभर तिथेच थांबा. पार्ट कसाही बनवून घेता येतो, कान मात्र बनवून मिळत नाही.