फोर-व्हील ड्राइव्ह असूनही ट्रॅक्टर का रुततो?

नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात पाऊस उघडला की पहिली चौकशी वापशाची होते. पण दर वेळी वापसा येईपर्यंत थांबता येतेच असे नाही. सोयाबीन काढणीला आलेले असते, उसाची ट्रॉली रस्त्याला लावायची असते. २०२५ सारख्या अतिवृष्टीच्या वर्षी तर रान आठ-आठ दिवस ओले राहते. मग कुणीतरी ट्रॅक्टर आत घालतो आणि तो रुततो. ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा असेल तर गंमत अशी दिसते, की लिव्हर टाकलेला असूनही मागचे एक आणि पुढचे एक चाक गरगर फिरते आणि उरलेली दोन ढिम्म उभी राहतात. "फोर-व्हील गेले" असा निकाल लागतो, गिअरबॉक्स उघडला जातो, खर्च होतो. पुष्कळदा आत काहीच मोडलेले नसते.

हे समजण्यासाठी आधी मातीकडे पाहू. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या या जमिनीतली चिकणमाती पातळ पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विद्युतभारांच्या नियमामुळे शाळेत भेटणारा कुलोम मुळात लष्करी अभियंता होता. मातीची पकड दोन गोष्टींनी बनते, हे त्याने १७७३ मध्ये मांडले: एक कणांमधले घर्षण, दुसरी कणांची आपापसातली चिकटण. घर्षण वजनाबरोबर वाढते, चिकटण वाढत नाही. ती किती क्षेत्रफळावर जोर पडतो त्यावर ठरते. वाळूत घर्षणाचे राज्य, तर पाण्याने भरलेल्या काळ्या मातीत जवळजवळ सगळा कारभार चिकटणीचा. म्हणून कोरड्या रानात टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवले तर उपयोग होतो, पण चिखलात तेच वजन चाकाला आणखी खाली घालते. तिथे टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत थोडी कमी केली, तर टेकण्याचे क्षेत्र वाढून जास्त फायदा होतो. शिवाय टायरच्या खाचा मातीने भरल्या की खाचांचा टायर गुळगुळीत टायरासारखाच वागतो.

आता यंत्राकडे वळू. धुऱ्यावर ट्रॅक्टर अर्धा गोल वळतो तेव्हा बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर हा फरक π × १.५ म्हणजे सुमारे ४.७ मीटर. वळण लहान असो की मोठे, फरक तेवढाच राहतो. मुलांना हे सिद्ध करायला जरूर सांगावे. दोन्ही चाके एकाच सळईला घट्ट बसवली, तर एकाला घासत जावे लागेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असते.

डिफरन्शियल कसे वागते ते बैलांच्या जुवावरून चटकन कळते. जू मधोमध बांधलेले असल्यामुळे एक बैल थोडा पुढे, एक मागे चालू शकतो. पण एका बैलाने ओढणे सोडले, तर दुसरा कितीही तगडा असला तरी जू फक्त तिरके होते, गाडी हलत नाही. डिफरन्शियलही दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो किती हे दुबळे चाक ठरवते. समजा डाव्या चाकाखालचा चिखल १०० किलोची ओढ सोसतो आणि उजव्याखालची माती ६०० किलोची. तरी उजव्याला मिळणार १००च. एकूण ओढ २००. पायाजवळचा डिफरन्शियल लॉक दाबला की दोन्ही चाके एकजीव होतात आणि ७०० मिळतात.

फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर टाकला की मागचा आणि पुढचा आस एकमेकांना जोडला जातो. डावे-उजवे चाक नव्हे. पुढे आणि मागे डिफरन्शियल आहेच. म्हणजे प्रत्येक आसावर एकेक चाक चिखलात असेल, तर ती दोन फिरणार आणि बाकीची दोन थांबणार. यंत्र बिघडलेले नाही, ते नियमाप्रमाणे चालले आहे.

खरोखर बिघाड आहे का, हे गिअरबॉक्स न उघडता तपासता येते. ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर उभा करावा. इंजिन बंद, किल्ली काढलेली, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढचा आस उचलून मजबूत आधारावर टेकवावा; नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली जाऊ नये. लिव्हर काढलेला असताना एकाने उजवे चाक धरावे, दुसऱ्याने डावे फिरवावे. मधला शाफ्ट फिरला पाहिजे. मग लिव्हर टाकावा. आता शाफ्ट मागच्या चाकांशी जखडलेला, म्हणून डावे चाक पुढे फिरवले की उजवे तेवढेच मागे फिरले पाहिजे. मुलांना याचे फार नवल वाटते, पण जुवाचे एक टोक पुढे गेले की दुसरे मागे येतेच. लिव्हर टाकूनही शाफ्ट फिरत राहिला, तर दोष लिव्हरच्या जोडणीत किंवा आतल्या जोडदात्यांत. शाफ्ट स्थिर, डावे चाक मोकळे फिरते आणि उजवे जागचे हलत नाही, तर पुढच्या आसाच्या आत काहीतरी तुटले आहे. दात्यांमधली थोडी ढिलाई बिघाड समजू नये. ज्या एटीव्ही गाड्यांत लिव्हरऐवजी विजेचे बटण असते, तिथे आधी फ्यूज आणि वायर पाहावी.

लिव्हर अडकून बसतो, ही तक्रार बहुधा डांबरी रस्त्यावरची असते. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने, साधारण १ ते ५ टक्के, फिरतील अशी रचना असते. मऊ मातीत हा फरक घसरून निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून शाफ्टमध्ये पीळ साठतो, स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात आणि लिव्हर निघत नाही. थोडे सरळ मागे घेतले की पीळ सुटतो. टायर बदलताना भलत्याच मापाचे घातले तर हे गणित कायमचे बिघडते. मोजायचे असेल तर मागच्या चाकाच्या १० फेऱ्यांत पुढचे चाक किती फिरले ते खडूच्या खुणेने मोजावे, आधी लिव्हर काढून कडक जमिनीवर, मग टाकून भुसभुशीत मातीत. १३ आणि १३.४ आले तर फरक सुमारे ३ टक्के, ठीक. दुसरा आकडा पहिल्याहून लहान आला, तर पुढची चाके ओढण्याऐवजी अडवत आहेत.

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला ओंडका बांधून जोर देणे मात्र जिवावरचे आहे. चाक फिरू शकत नाही, तेव्हा तोच जोर ट्रॅक्टरचे धूड आसाभोवती फिरवतो. पुढची चाके उचलली जातात आणि दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकावर उलटा पडू शकतो. त्यापेक्षा चाकांमागची माती फावड्याने काढून हळू मागे घेऊन पाहावे. तेवढ्याने जमले नाही, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. आसाच्या वर लावली तर तो ओढणाराच मागे उलटतो. आणि साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत बघ्यांना उभे राहू देऊ नये.