वायतुरा टँकमध्ये नको, टँकमधलं शेततळ्यात नको



पोरांनी घरात फिश टँक ठेवलाय? मग हे वाचा.

*वायतुरा* ही पाणवनस्पती जगात फक्त उत्तर सह्याद्रीत आहे. साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळी डबक्यांत फुलते. तुरा दोन फाट्यांचा. शास्त्रीय नोंद १९८२ ची. पाऊस सरला की पानं जातात, कंद चिखलात झोपतो. बारमाही भरलेल्या टँकमध्ये ही विश्रांती मिळत नाही. म्हणून कोणी कंद विकायला आणला तरी घेऊ नका.

✅ टँकसाठी गवतासारखी वॅलिसनेरिया बरी.

❌ टँकमधली छाटणी शेततळ्यात, नाल्यात, खडकपूर्णा-पेनटाकळी धरणात टाकू नका. जलकुंभीही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आणली होती!

👉 छाटणी उन्हात कडक वाळवा, मग कंपोस्टमध्ये घाला.