आधी एक सदरा, मग हजार

घरच्या शिंप्याची चूक झाली तर एक सदरा बिघडतो. कारखान्यात मात्र कापडाचे अनेक थर रचून ते एकदम कापतात. तेथे काखेतली अर्ध्या इंचाची चूक प्रत्येक सदऱ्यात उतरते.

महाराष्ट्रात २०२४ साली सरकारी शाळांचे गणवेश राज्य पातळीवरून देण्याची योजना अमलात आली. मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले.

म्हणून आधी नमुना शिवावा. सुती कापड धुतल्यावर आटते. तेव्हा नमुना धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. मग तो मुलाच्या अंगात घालून त्याला हात वर करावयास, मांडी घालून बसावयास, धावावयास सांगावे. शिवण कोठे ताणते ते तेव्हाच कळते. एकाच मापावर विसंबू नये. लहानमोठ्या मापांचेही नमुने पाहावेत. पसंत पडलेला नमुना मोहोर लावून ठेवावा, म्हणजे पुढचा माल त्याच्याशी ताडता येतो.

वर्गात आखूड बाही ओढीत बसलेल्या मुलाला योजनेचे नाव ठाऊक नसते. त्याला संकोच तेवढा कळतो. तो टाळण्यासाठी नमुन्यावर चार दिवस गेले, तर ते वाया गेले असे कोण म्हणेल?